छोटा हत्ती पेट्रोल, सेकंडहँड: लाईन सोडलेल्या ड्रायव्हरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू धंदा वाढवायला निघालेल्या पोरांसाठी नाही. त्यांनी सरळ पिकअप बघावी, माल दुप्पट बसतो आणि हप्ता भरायची रग पण असते त्या वयात. हे लिहितोय ते आपल्यासारख्यांसाठी, ज्यांनी निम्मं आयुष्य लाईन केली म्हणजे लांब पल्ल्याचा ट्रक चालवला, कंबर गेली, शुगर लागली, घरात बसून राहायचं म्हटलं तर चार दिवसात डोकं फिरतं आणि परत दहा चाकीवर चढायचं म्हटलं की गुडघा नको म्हणतो. अशा माणसाला स्टेअरिंग पण पाहिजे आणि रात्रीची भाकरी घरची पण पाहिजे. त्याला ही गाडी कशी पडते एवढंच सांगायचंय.

गाडी म्हणजे छोटा हत्ती, टाटा एस गोल्ड, पेट्रोल, बीएस सिक्स, एकाच मालकानं वापरलेली घेतली. ही एस पहिल्यांदा आली २००५ ला, तेव्हा ७०० सीसीचं दोन सिलेंडर डिझेल होतं आणि आम्ही लाईनवाले तिला बघून लय हसायचो, ढाब्यावर दोन बारा चाकींच्या मधे उभी राहिली तर दिसायची पण नाही. आता त्या हसणाऱ्यांतले बरेचजण हीच चालवतात, मी पण.

मी तासगावचा. आमच्याकडून लाईन म्हणजे सीझनला द्राक्षं घेऊन दिल्ली आझादपूर नाहीतर कोलकाता, बाकीच्या वेळी बेदाणा, साखर, आणि परतीला जे भाडं मिळेल ते. परतीच्या भाड्यासाठी कुठल्यातरी ट्रान्सपोर्टनगरात गाडी लावून बसायचं, ब्रोकर आज-उद्या आज-उद्या करणार, तोवर तिथंच आंघोळ तिथंच जेवण. तिकडं एक आधार असायचा, विटा-खानापूरकडची गलाईवाली माणसं भारतभर पसरलीत सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, कुठल्या पण लांबच्या गावात सराफकट्ट्यावर गेलं की एखादं दुकान सापडायचंच, "कुठलं ओ गाव" म्हणत चहा पाजायचे. ते सोडलं तर लाईनची आठवण येते असं काही फार नाही. वाराईची तर अजिबात नाही. माल उतरवताना भाड्यात नसलेले पैसे ड्रायव्हरच्या खिशातून काढायचे आणि वर आपल्यालाच दमात घ्यायचं, ज्यानं भोगलंय त्याला कळेल.

सोडायचं कारण सांगायला गेलं तर गाडीचं वय. मल्टीअॅक्सलला, म्हणजे दोनपेक्षा जास्त आस असलेल्या ट्रकला, पंधरा वर्षं झाली की नॅशनल परमिट, देशभर फिरायचा परवाना, बंद होतं, माझी तिकडं चालली होती. म्हणजे एकतर नवीन घ्या, चाळीस लाखाच्या पुढचा आकडा आणि पाच वर्षं हप्ता, नाहीतर जुनीच राज्यात फिरवा. पन्नाशी ओलांडल्यावर नवीन हप्ता गळ्यात बांधून घेणं मला पटलं नाही. गाडी विकली, सोसायटीचं देणं मिटवलं, आणि उरलेल्यातून रोख देऊन ही घेतली. रोख हा शब्द लक्षात ठेवा, पुढं परत येतोय त्याच्यावर.

आता गाडीविषयी. ६९४ सीसी, दोन सिलेंडर, ३० हॉर्सपॉवर, चार गिअर. दोन सिलेंडर म्हणजे थरथर असणारच, सिग्नलला उभी असली की आरसा हलतोय, त्यात मागचं काय दिसतंय ते अंदाजाने घ्यायचं. चालायला लागली की जाते ती थरथर. ताकद म्हणाल तर आपल्या हिशोबाला पुरे, आमच्याकडं घाट असा नाही, शेतातून रस्त्यावर यायला जो चढ असतो तिथं पहिला टाकायचा आणि गप बसायचं. हायवेला साठच्या पुढं पळवायची गरज मला पडत नाही आणि पडली तरी पळवणार नाही.

इंजिन सीटखाली. मार्च-एप्रिलात दुपारच्या दोन-तीन खेपा सलग झाल्या की बूड भाजतं, मी सीटवर गोणपाट दुमडून टाकलंय, फरक पडतो. आणि एसीचं तर ऐका, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या ट्रकना एसी केबिन कम्पल्सरी केलंय सरकारनं, साडेतीन टनाच्या वरच्या गाड्यांना. आमची सगळी उमर बोनेटच्या धगीत गेली, आम्ही खाली उतरलो तेव्हा वर एसी बसला. आणि जी गाडी आता घेतली ती साडेतीन टनाच्या आतली, म्हणजे इथं पण नाही. नशीब एकेकाचं.

लाईनवाल्याला सगळ्यात जास्त सवय करावी लागते ती उंचीची. आपण वरून बघत आलेली माणसं. टू-व्हीलरवाला, कारवाला, सगळे खाली असायचे, कुठं घुसतोय ते आधीच दिसायचं. इथं उसाच्या ट्रॉलीच्या शेजारी आलो की तिचं टायर खिडकीच्या बरोबर येतं. पहिले काही दिवस मला रस्ताच कळेना, पुढच्या गाडीच्या पलीकडचं काही दिसत नाही म्हणून मी एवढं अंतर ठेवून चालायचो की मागचे शिव्या द्यायचे. ब्रेकचं पण तसंच, एअर ब्रेकचा पाय वेगळा, इथं पाय दाबायला लागतो. वळताना तर मी अजून पण कधी कधी सवयीनं लांबून वळसा घेतो, सगळा चौक अडवून, आणि गाडी आठ हातात वळून मोकळी होते. थोरला पोरगा शेजारी बसला असला की हसतो.

अॅव्हरेज रिकामी-भरलेली धरून चौदा-पंधरा पडतंय. डिझेलवाल्या जुन्या हत्तीला जास्त पडतं हे खरं, पण दहा चाकी लोडला साडेतीन-चार देत होती, तिची टाकी फुल करताना पंपावरचा आकडा बघवत नव्हता, त्यामानाने इथं हजाराचं टाकलं की दोन दिवस निघतात.

आता लोडचा विषय, यावर जरा जास्त बोलणार. कंपनीनं ७५० किलो सांगितलंय. द्राक्षाचं कॅरेट वीस किलोच्या आसपास धरा, म्हणजे पस्तीस-छत्तीस कॅरेट झाली की विषय संपला. हौदा सात फुटाच्या वर लांब आणि पाच फुटाला थोडा कमी रुंद, त्यामुळे जागा दिसते, आणि जागा दिसली की शेतकऱ्याला राहवत नाही. "अण्णा, अजून पंधरा बसत्यात की, शेडपर्यंतच तर जायचंय." बेदाण्याच्या शेडवर माल न्यायचा असतो, पाच-सात किलोमीटर, त्याला दोन खेपांचे पैसे द्यायचे नसतात. आजूबाजूला बघितलं तर सगळे भरतात, पन्नास, साठ, कुणी त्याच्या पण वर. गाडी ओढते, नाही असं नाही. पण हे बारा इंची टायर आहेत भाऊ. मागचे कमानपाटे सरळ होतात, व्हील बेअरिंग बोलायला लागतं, आणि मेन म्हणजे उतारावर ब्रेक लावला की गाडी थांबायच्या आधी विचार करते.

ट्रकच्या लाईनला आपण सगळेच ओव्हरलोड करून आलोय, उगाच साधू बनायचं कारण नाही. २०१८ मध्ये सरकारनं दहा चाकीचं पासिंग, म्हणजे गाडी-माल मिळून मंजूर वजन, २५ टनावरनं साडेअठ्ठावीस केलं तेव्हा आम्हाला वाटलं आता सुटलो, झालं काय तर भाडं तेवढंच राहिलं आणि माल वाढला. तिथं नाही म्हणता येत नव्हतं, कारण महिन्याच्या अमुक तारखेला हप्ता उभा. इथं येतं. मी सांगतो, छत्तीस, सदतिसावं कॅरेट दुसऱ्या खेपेला. जमत असेल तर भरा, नसेल तर दुसरी गाडी बघा, राग नाही. बरेच कुरकुरतात आणि भरतात, कारण माझ्या गाडीत वरच्या थराखाली द्राक्ष दबत नाही हे त्यांना माहिती झालंय. रोख गाडी घ्या म्हणतोय ते याच्यासाठी. हप्त्याची गाडी असेल तर ही गाडी पण तुम्हाला लाईनसारखीच राबवून घेणार, फक्त कमी पैशात.

रिकाम्या गाडीची एक गोष्ट लक्षात असू द्या. मागचे पाटे लोडसाठी बनवलेत, त्यामुळे रिकामी असताना खड्ड्यात अशी उडते की मणक्याला कळतं. ज्यांची कंबर आधीच गेलीय त्यांनी बेल्ट बांधून चालवावी. मी परतीला हौद्यात वाळूची दोन पोती ठेवतो, थोडी बसते खाली.

कागदपत्रांचं बघितलं तर इथं खरा आराम आहे. ३००० किलोच्या आतल्या मालगाडीला परमिटच लागत नाही. नॅशनल परमिटला वर्षाला साडेसोळा हजार भरत होतो, शिवाय त्याच्या तारखा, ते सगळं डोक्यातून गेलं. लायसनचं पण तसंच, साडेसात हजार किलोपर्यंतची मालगाडी साध्या एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीच्या लायसनवर चालते, सुप्रीम कोर्टाच्या पाच जजच्या बेंचने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे पक्कं केलंय. म्हणजे ज्या कुणाला हेवीच्या रिन्यूअलला डॉक्टरकडून तो नमुना १-अ चा दाखला आणताना डोळ्याचा, शुगरचा प्रश्न येतोय त्यांनी लगेच खचून जायची गरज नाही. पण डोळे खरंच गेले असतील तर कोर्ट काय म्हणतंय ते बाजूला ठेवा आणि चावी पोराकडं द्या.

फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी, ते सगळ्या मालगाड्यांना सारखंच. इन्शुरन्स मात्र खटकतो. थर्ड पार्टीचा सरकारी दर ७५०० किलोपर्यंत एकच आहे, १६,०४९ रुपये, वर जीएसटी. म्हणजे साडेसातशे किलो वाहणारा पण तेवढंच भरणार आणि त्याच्या तिप्पट वाहणारा पण तेवढंच. दहा चाकीला ४३,९५० होते त्यामानाने कमीच, पण माझ्या कमाईच्या हिशोबाने बघितलं तर हत्तीचाच प्रीमियम जास्त लागतो. टोलचा तो वर्षाचा पास आलाय ना, त्याच्याकडं पण बघू नका, तो खाजगी कारला आहे, पिवळ्या पाटीला नाही. आपण टोलच्या आतच फिरायचं.

एक कागद मात्र विसरायचा नाही. व्यापाऱ्याचा बेदाणा कोल्ड स्टोरेजमधून भरला तर एवढ्याशा हौद्यात पण माल लाखाच्या वर जातो, आणि राज्यातल्या राज्यात एक लाखाच्या वर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचं ऑनलाईन काढलेलं बिल, लागतं. "जवळच तर जायचंय" म्हणतात आणि नुसती चिठ्ठी हातात देतात. अडवल्यावर व्यापारी फोन उचलत नाही, रस्त्यावर आपण उभे. बिल हातात आल्याशिवाय चावी फिरवायची नाही.

पैशाचं स्पष्ट सांगतो कारण बाकीचे कुणी सांगत नाहीत. तासगाव-सांगली पंचवीसेक किलोमीटर, त्याला आठशे ते हजार मिळतात, गावातल्या गावात तीनशे-चारशे. जानेवारी ते एप्रिल द्राक्ष आणि बेदाणा, तेव्हा फोन थांबत नाही. मग खतं, बियाणं, कडबा, पाईप, पाण्याच्या टाक्या, कुणाचं घर बदलायचंय, गणपतीत मूर्ती आणि मंडपाचं सामान. जून-जुलैला चार-चार दिवस गाडी दारात. सगळं काढून वर्षाची सरासरी महिन्याला पंधरा-अठरा हजार हातात राहतात. यात घर चालत नाही, घराला हातभार लागतो. माझा थोरला कमावतोय, थोडी द्राक्षबाग आहे, म्हणून जमतं. ज्याच्या घरात दुसरी कमाई नाही त्यानं हे वाचून लाईन सोडू नये. आपल्या धंद्यात पीएफ नाही, पेन्शन नाही, आणि ती पेन्शनची श्रमयोगी मानधन योजना आहे तिच्यात १८ ते ४० वयातच नाव घालता येतं, ज्या वयात आम्ही गुवाहाटीच्या वाटेवर कुठंतरी टायर बदलत होतो. तरुण ड्रायव्हर कुणी वाचत असेल तर त्यानं एवढं काम या आठवड्यात करावं.

आता या गाडीचा जो सगळ्यात मोठा तोटा सगळे सांगतात, तोच माझ्या मते तिचा सगळ्यात मोठा फायदा. हिच्यात झोपता येत नाही. दोन सीट, मधे गिअर, पाय पसरायला पण जागा नाही. दहा चाकीला मागं फळी होती, गादी होती, देवाचा फोटो, स्टोव्ह, डब्यात मीठ-मिरची, म्हणजे संसारच. त्यामुळे कुठं पण रात्र काढता यायची आणि म्हणूनच कुठं पण काढावी लागायची. गाडीत झोपायची सोय असली की मालकाला, ब्रोकरला, पार्टीला, सगळ्यांना ते माहिती असतं, "सकाळी खाली करू, झोपा की गाडीत." इथं तसं म्हणायची सोयच नाही कुणाला. संध्याकाळ झाली की मी सांगतो, उतरवून घ्या नाहीतर उद्या येतो. आणि ऐकतात.

घरी झोप लागते असं मात्र समजू नका. रात्री दोनला डोळा उघडतोच, कारण दोन ते पाच हा पळवायचा टाईम असायचा. आमच्या घरातून म्हणतात, "अहो, कुठं निघालाय, पडा की गप." मग अंगणात जाऊन गाडीचं पाणी-ऑईल बघतो. ऑईल बघायला सीट उचलावी लागते, त्याचा आवाज होतो, शेजारचे पण उठतात. डॉक्टरला विचारलं, म्हणाले जाईल हळूहळू, दुपारी झोपू नका. दुपारचं झोपणं काही सुटत नाही.

तासगावचा रथोत्सव असतो गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, संस्थानिक पटवर्धनांच्या वेळेपासूनचा. लाईनला असताना तो मी फोनवरच बघितला जास्त करून, कुणीतरी व्हिडिओ पाठवायचं. यावेळी रथाच्या दोराला हात लावला. गर्दीत चप्पल गेली.

काही गोष्टी करायच्या नाहीत म्हणून ठरवल्यात त्या पण सांगतो. माणसं भरायची नाहीत. लग्नसराईत "अण्णा, वऱ्हाड सोडा की, दोन हजार देतो" म्हणून येतात, बागेत छाटणीला मजूर न्यायला बोलावतात. मालगाडी आहे, हौद्यात बसलेल्या माणसाला काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिलं हेच विचारतो. लाईनला मी पलटलेल्या टेम्पोच्या शेजारी थांबलोय, मला ते परत बघायचं नाही, चालवणारा म्हणून तर नाहीच. दुसरं, मोबाईलवरच्या ॲपच्या भाड्यात शिरलो नाही. शहरात ते चालत असेल, पण घंटी वाजली की पाच सेकंदात हो म्हणा, उशीर झाला की रेटिंग कमी, असलं हाकणं पाहिजे असतं तर मी लाईनच केली असती. तिसरं, कुंपण. सांगली, मिरज, विटा, पलूस, कवठेमहांकाळ, एवढंच. जुन्या पार्टीचा अजून फोन येतो, बेंगलोरला अर्जंट आहे, छोटाच माल आहे, डबल घ्या. एकदा पेठ नाक्याला हायवेला लागलो की मी कुठं थांबेन याचा मलाच भरवसा नाही, म्हणून तिकडचं भाडं घेतच नाही.

दुसरे पर्याय बघितले होते. एस प्रो नवीन आली जून २०२५ ला, चार लाखाच्या आत सुरुवात, ७५० किलोच, आणि त्या सप्टेंबरात मालगाड्यांचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के झाल्यामुळे नवीन घेणं आधीपेक्षा हलकं झालंय, ज्याच्याकडं पुरते पैसे असतील त्याने विचार करावा. इलेक्ट्रिक एस २०२२ पासून आहे, ६०० किलो नेते आणि कागदावर एका चार्जला १५४ किलोमीटर, माझ्या कुंपणात बसतंय ते, पण सीझनला वस्तीवर लाईट कधी असते कधी नसते, हिंमत झाली नाही. सीएनजी स्वस्त पडतो, फक्त पंपावर लाईन लावायची. आयुष्यभर लाईनच लावली, नको म्हटलं.

सेकंडहँड घेणार असाल तर हौद्याखाली वाका आणि चॅसीला कुठं वेल्डिंग केलंय का बघा, विशेषतः मागच्या पाट्यांच्या बैठकीजवळ. माझ्या गाडीच्या आधीच्या मालकानं विटा वाहिल्या होत्या आणि वरून काळा रंग मारून ठेवला होता, आमच्या मिस्त्रीनं रंग खरवडून दाखवल्यावर वीस हजार कमी झाले. रंग नवीन आणि नटबोल्ट गंजलेले असतील तर समजून जायचं. लोड टाकूनच टेस्ट घ्या, रिकामी सगळ्याच चांगल्या पळतात. चढावर दुसऱ्यात क्लच घसरतोय का बघा, पुढची दोन टायर आतल्या बाजूनं खाल्लीत का बघा, ऑनलाईन चलन किती बाकी आहेत ते मोबाईलवर काढा आणि आरसीवर बँकेचा बोजा उतरलाय याचा कागद हातात घेतल्याशिवाय एक रुपया देऊ नका. स्टेपनी पण बघा, आम्हाला दाखवायला होती ती दुसऱ्याच गाडीची निघाली, डिस्कची होलंच जुळेनात.